उपासना समितीत गेलेल्या लेकीस

प्रिय रूथ,

जय ख्रिस्त. तुला चर्चच्या उपासना समितीत घेतल्याचं आईने सांगितलं. पहिल्या बैठकीआधी एक काम कर. गेल्या चार रविवारच्या पदांची यादी काढ आणि प्रत्येक पदात ‘मी, माझं, मला’ किती वेळा येतं आणि ‘तू, तुझं’ किती वेळा, ते मोज. पाचातली चार पदं आपलं दुःख, आपला आनंद, आपला निर्धार यांचीच निघाली, तर मंडळी दीड तास स्वतःविषयी गाऊन घरी जाते. अशी पदं वाईट नसतात. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत विलाप काय कमी आहे? पण सुरुवातीची दोन तरी देव कोण आहे, त्याने काय केलं हे सांगणारी घे. पापांगीकार, म्हणजे आपली पापं कबूल करण्याची प्रार्थना, त्यानंतर. देवाचं पावित्र्य आधी समोर आलं नसेल तर पापांगीकार म्हणजे पाढे म्हटल्यासारखं होतं.

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचा क्रम बघ. त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, भाकर चौथी. आपण भाकरीपासून सुरू करतो आणि तिथेच आमेन म्हणतो. मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना ज्याच्याकडे असेल त्याला बुधवारीच कळव आणि लिहून आणायला सांग. सहा-सात मिनिटं पुरतात: आधी स्तुती, मग जग, देश, आजारी आणि शोकात असलेले, शेवटी आपली मंडळी. ऐनवेळी उभा केलेला माणूस प्रार्थनेतच दुसरा संदेश, म्हणजे प्रवचन देतो, नाहीतर देवाला सूचना वाचून दाखवतो.

सूचनांचंच घे. एक रविवार घड्याळ लावून बस. सूचना, वाढदिवस, पाहुण्यांचं स्वागत आणि सत्कार मिळून सहज वीस मिनिटं जातात. मग वेळ भरून काढायला कात्री लागते ती शास्त्रपाठाला. आधी जुन्या करारातला पाठ गळतो, मग स्तोत्र. नव्वद मिनिटांत सूचनांना चार मिनिटं खूप झाली. शाल आणि पुष्पगुच्छ आशीर्वादानंतर, बाहेर चहाच्या टेबलापाशी. कोणीतरी रुसेल. रुसू दे.

वाद्यवृंदाशी मात्र गोडीने बोल, ती पोरं मनापासून राबतात. मागच्या बाकावर जाऊन उभी राहा. लोकांचा आवाज ऐकू येत नसेल तर स्पीकर कमी करायला सांग. वरच्या ओळीला बायका गप्प होत असतील तर पट्टी खाली घ्यायला लाव. गाणाऱ्याला शोभते ती पट्टी मंडळीला झेपतेच असं नाही. नवं पद महिन्याला एकच, आणि ते लागोपाठ तीन रविवार. दर आठवड्याला नवं आणलं की समोर मैफल होते आणि मंडळी श्रोते. ‘उपासना संगीत’ हे आपलं पदांचं पुस्तक जुनं झालं म्हणणाऱ्यांना ना. वा. टिळकांची पदं हार्मोनियम आणि तबल्यावर, भजनाच्या ठेक्यात, एकदा नीट ऐकव. ती संथ नाहीत, आपण ती रेंगाळून म्हणतो.

बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू दाराशी उभा राहून ठोकतो. ते वचन आपण सुवार्तेच्या सभेत बाहेरच्यांना ऐकवतो. लिहिलंय ते लावदिकीया शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला. मंडळी भरलेली, श्रीमंत, कशाची उणीव नाही असं मानणारी, आणि ज्याच्या नावाने जमली तोच बाहेर. समितीच्या बैठकीत हे होतं तेव्हा कळतसुद्धा नाही: अर्ध्या मिनिटाची प्रार्थना, मग दोन तास हॉलचं भाडं आणि निवडणूक. विषयपत्रिकेवर पहिली वीस मिनिटं वाचन आणि प्रार्थनेची लिहूनच टाक. लिहिलेलं नसेल तर ‘आज उशीर झालाय’ म्हणून तेच आधी उडतं.

आणि तुझं स्वतःचं. समितीत गेल्यावर बायबल फक्त रविवारच्या तयारीसाठी उघडलं जातं. तारखेप्रमाणे रोज पाच स्तोत्रं वाच: 7 तारखेला 7, 37, 67, 97, 127. तीस दिवसांत दीडशे होतात. 29 तारखेला 119 वं येईल, 176 ओव्यांचं. ते त्या दिवशी सोड आणि आठ-आठ ओव्यांचे बावीस तुकडे करून वेगळं वाच. त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत असू दे, त्यातलं बायबलसुद्धा.

चार रविवारची मोजणी झाली की मला फोन कर.

तुझे,
पप्पा