मंगलला पत्र: पिशवी काढण्याआधी

अंबाजोगाई

प्रिय मंगल,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर माझी गर्भपिशवी काढायचे ठरले आहे, दुर्बिणीने. घरात सांगितले तेव्हा प्रत्येकाने ‘हल्ली त्यात काही नसते’ असे म्हणून विषय संपवला, आणि म्हणूनच तुला लिहायला बसले. हेच वाक्य आपण दोघींनी तुझ्या आक्काची पिशवी काढली त्या वेळी तुमच्या ओसरीवर उभे राहून ऐकले होते. ते पुन्हा कानांवर पडल्यावर मला काय वाटले असेल, हे तुझ्याखेरीज कोणाला कळणार? बाकी दादांची साखर आटोक्यात आहे, ह्यांचा खोकला गेला, सर्व ठीक.

पाळीत फार जाते हे मी तुला मागे सांगितले होतेच. या वर्षी हिमोग्लोबिन ७.९ वर आले, दोन जिने चढले की धाप लागू लागली. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत अनेक गाठी निघाल्या आणि गर्भाशय चौदा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढे मोठे झालेले दिसले. ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेले, त्यांनी रिपोर्ट पाहताच सांगितले की तीन-चार छोटी छिद्रे पाडू, दोन दिवसांत घरी जाल, आणि चाळिशीनंतर पिशवी ठेवून उपयोग तरी काय, उद्या कॅन्सर झाला म्हणजे? मंगल, आक्काला अठ्ठाविसाव्या वर्षी कॅन्सरचीच भीती घातली होती. फायब्रॉइडच्या गाठी साध्या असतात, त्यांचे रूपांतर कर्करोगात होणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. मी कागद उचलून बाहेर पडले.

२०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आक्का त्यांतलीच एक. टोळीबरोबर जाताना पाळीचे चार दिवस कोयता थांबता कामा नये, म्हणून पांढरे जाण्यावरही हेच औषध निघाले. मी तेव्हा तुझ्या अण्णांना तोंडावर विचारले, ‘नक्की आजार काय होता?’, आणि तू पावसाळाभर माझ्याशी बोलली नाहीस. (शेवटी बोललीस तीही प्रॅक्टिकलचे जर्नल हवे होते म्हणून!) तो प्रश्न विचारायलाच हवा होता, असे मला आजही वाटते. या वेळी तोच मी माझ्यासाठी विचारला.

त्यासाठी लातूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी आधी शस्त्रक्रियेचे नावच काढले नाही. गर्भाशयाच्या आतल्या पोकळीतच गाठ असेल, तर योनीमार्गाने दुर्बीण घालून ती खरवडून काढता येते, पोटावर एकही टाका पडत नाही. केवळ रक्तस्राव हीच तक्रार असेल, तर मिरेना, म्हणजे संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू, गर्भाशयात बसवून पुष्कळ जणींचे भागते. नुसत्या गाठी काढून गर्भाशय राखता येते. गाठींकडे जाणारा रक्तपुरवठा रक्तवाहिनीतून बंद करण्याचाही उपाय आहे. आणि पाळी जाण्याचे वय जवळ असेल, तर गोळ्यांवर तोवर निभावून नेले तरी गाठी पुढे आपोआप आक्रसतात. माझ्या गाठी पुष्कळ आणि भिंतीत रुतलेल्या आहेत, मिरेना बसवली ती रक्ताबरोबर सरकून बाहेर आली, गोळ्यांनी उपयोग झाला नाही. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) झाला, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून झाला, त्यात कर्करोग नाही. इतके सर्व झाल्यावर त्या म्हणाल्या की आता काढणे योग्य होईल, आणि मला ते पटले. म्हणजे उत्तर पहिल्या डॉक्टरांचेच आले, परंतु ते माझ्या आजारावरून आले, माझ्या वयावरून नाही.

आता दुर्बिणीविषयी, कारण सर्वांचा गैरसमज तिथेच आहे. ही शस्त्रक्रिया प्रथम १९८८ साली अमेरिकेत हॅरी राइख यांनी केली. आपण तेव्हा पाचवीत होतो. संपूर्ण भूल देतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतात, डोक्याकडची बाजू खाली करतात आणि पाच ते दहा मिलिमीटरच्या छिद्रांतून काम चालते. रक्त कमी जाते, दुखणे कमी असते, जखम चिघळण्याची भीती कमी होते आणि माणूस लवकर हिंडूफिरू लागते, हे अगदी खरे आहे. परंतु बाहेरची जखम लहान झाली म्हणून आतली लहान होत नाही. त्याच रक्तवाहिन्या बंद करायच्या, योनीच्या वरच्या टोकाला तोच छेद घेऊन तो शिवायचा, आणि मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. तिला, मूत्राशयाला किंवा आतड्याला इजा होऊ शकते. प्रमाण कमी आहे, तरी सही करण्यापूर्वी ते रुग्णाला माहीत हवे. शिवाय सर्व योनीमार्गानेच काढणे शक्य असेल, तर पोटाला हातही लागत नाही, मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी ही पद्धत आयुष्यभर शिकवली. माझ्या दोन सिझेरियनमुळे आत चिकटलेले असण्याची शक्यता आहे, त्यात गाठींचा आकार मोठा, म्हणून बाईंनी माझ्यासाठी दुर्बीण निवडली. गरज पडली तर पोट उघडावे लागेल, यालाही मी आधीच संमती दिली आहे. आत अडचण दिसूनही छिद्रांचाच हट्ट धरणारा डॉक्टर मला नको.

एवढे मोठे गर्भाशय लहान छिद्रांतून बाहेर कसे येणार, हा माझा पुढचा प्रश्न होता. पूर्वी पोटातच यंत्राने त्याचे तुकडे करीत. २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर इशारा दिला, कारण फायब्रॉइड समजून केलेल्या शस्त्रक्रियांत सुमारे साडेतीनशेत एकीला आधी न कळलेला सार्कोमा, म्हणजे एक घातक कर्करोग, असतो आणि तुकडे करताना तो पोटभर पसरू शकतो. माझे गर्भाशय प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून योनीमार्गाने काढणार आहेत. आणखी एक ऐक, हे कोणी सहसा सांगत नाही: गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बिणीने मूलगामी (आजूबाजूच्या भागासह गर्भाशय काढण्याची) शस्त्रक्रिया केलेल्या आणि पोट उघडून केलेल्या स्त्रियांची तुलना २०१८ साली प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनंतर कर्करोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के होते, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ९६.५ टक्के. म्हणजे काही आजारांत मोठा टाकाच जीव वाचवतो.

अंडाशयांवर मात्र मी अडून बसले. ‘काढतोच आहोत तर तेही काढू’ असे अगदी सहज म्हटले जाते. पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशये काढली, तर बाई एका दिवसात म्हातारपणाच्या दारात उभी राहते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आक्काला तिशीतच वाफा येत होत्या आणि चाळिशीत नुसत्या घसरण्याने मनगट मोडले, ते आठव. माझी अंडाशये राहणार आहेत. गर्भनलिका मात्र काढणार, कारण अंडाशयाचे म्हटले जाणारे पुष्कळसे कर्करोग तिथून सुरू होतात असे आता दिसून आले आहे. संमतिपत्रावर काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे मी नावानिशी लिहून घेतले.

नंतरचेही ह्यांना समजावून ठेवले आहे. खांदा दुखेल तो पोटातल्या वायूमुळे, एक-दोन दिवसांत थांबेल. पोटाचे दुखणे मात्र रोज कमीच व्हायला हवे. ते वाढले, ताप आला, उलट्या झाल्या, पोट फुगले, लघवी अडली किंवा नकळत पाझरू लागली, रक्त जाऊ लागले, पोटरी सुजली, तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा देत बसायचे नाही, थेट लातूर गाठायचे. शस्त्रक्रियेच्या उपकरणाने आतडे भाजले असेल, तर ती इजा कधी कधी चार-पाच दिवसांनी कळते. दीड-दोन महिने हंडा उचलायचा नाही आणि शरीरसंबंध टाळायचे, कारण आतले टाके बाहेरून दिसत नसले तरी भरायला तेवढा वेळ घेतात.

चिन्मयला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्याचे कळले, फार आनंद झाला. नाशिकच्या घराची वास्तुशांत झाली की फोटो पाठव.

एक काम कर. आक्काचे जुने कागद अण्णांच्या ट्रंकेत असतील, तर अंडाशये काढली होती का ते पाहा आणि तिला हाडांच्या घनतेच्या तपासणीला घेऊन जा. मी सांगितले तर ती ऐकणार नाही, तुझे ऐकेल. आणि लोहाची इंजेक्शने घेऊन माझे हिमोग्लोबिन ११ पर्यंत आले आहे, तरी एक बाटली रक्त हाताशी ठेवायला सांगितले आहे. आपल्या दोघींचा गट बी पॉझिटिव्हच. तेव्हा भाऊबीज आटोपली की निघ, आणि निघण्याआधी तुझेही हिमोग्लोबिन तपासून घे. बारावीच्या रक्तदान शिबिरातून तुला परत पाठवले होते, ते मी विसरलेले नाही.

तुझी,
शैला