खंबाटकी घाटातल्या तिघांचे जाहीर आभार

गेल्या रविवारी साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर माझ्या टर्बो पेट्रोल गाडीने दम टाकला, तेव्हा टेम्पो बाजूला घेऊन मागच्या चाकांना दगड लावणारे चालकदादा आणि सुरूर फाट्याच्या गॅरेजमधील काका-पुतणे यांची नावे विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

दोष मी हौसेने बाहेरून बसवून घेतलेल्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा, म्हणजे टर्बोची जादा दाबाची हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेचा होता (त्याचा ‘फुस्स’ आवाज मला फार आवडत असे, हे कबूल करतो). त्याआधी मी ठिणगी पाडणारे प्लग आणि कॉइल विनाकारण बदलून बसलो होतो. काकांनी मात्र व्हॉल्व्हच्या निपलला व्हॅक्यूमचा हातपंप लावला. काटा चढला आणि लगेच शून्यावर घसरला, म्हणजे आतला रबरी पडदा फाटलेला. त्यामुळे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) गळत होता, आणि सेन्सरने मोजलेली हवा बाहेर निघून गेली तरी पेट्रोल पूर्ण हवेच्या हिशेबानेच पडत असल्याने काळा धूर येऊन क्लच दाबताच इंजिन बंद पडत होते. पुतण्याने डिकीत पडून असलेला मूळ व्हॉल्व्ह बसवला आणि कडक झालेल्या नळीच्या जागी स्वतःजवळची नवी कापून दिली. नळीचे पैसे काकांनी घेतलेच नाहीत, उलट चहा पाजला. आपणा तिघांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.