पहिल्या वर्षाच्या चार संधी : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : एमबीबीएस प्रथम वर्षाच्या परीक्षेतील चार संधींची मर्यादा आणि राज्याची जबाबदारी

महोदय,

स.न.वि.वि.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला मी बरीच वर्षं फिजिऑलॉजी शिकवली. निवृत्त झालो तरी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे फोन येतच असतात. पूर्वी ते पीजीला कुठली शाखा घ्यावी असं विचारायचे. आता विचारतात, "सर, किती अटेम्प्ट उरले?"

नियम आपल्याला ठाऊक आहे. पण हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या जून २०२३ च्या विनियमांनुसार प्रथम वर्षाच्या परीक्षेला चारच संधी मिळतात आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम पुरा व्हावा लागतो. नऊ वर्षांबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती पुरेशी आहेत. चार संधीही ऐकायला भरपूर वाटतात. पण उन्हाळी-हिवाळी असं सहा महिन्यांचं अंतर आता राहिलेलं नाही. मुख्य परीक्षा ही एक संधी, आणि निकालानंतर काही आठवड्यांतच होणारी पुरवणी ही दुसरी. म्हणजे चार संधी दोन वर्षांत संपतात. शिवाय २०१९ च्या विनियमांत स्पष्टच लिहिलं होतं की एका विषयाला अर्धवट हजेरी लावली तरी संधी वापरली असं धरायचं. पहिला पेपर देऊन मूल तापाने आडवं झालं, तरी एक संधी गेली.

पुरवणीतही राहिलेल्यांची वेगळी तुकडी आता नसते. तो विद्यार्थी खालच्या बॅचमध्ये जातो. अॅनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्री सुटली, फिजिऑलॉजी थोडक्यात राहिली, तरी त्या एका विषयासाठी वर्षभर मागे बसायचं. सोबतचे पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी शिकतात, हा मेसच्या टेबलावर ज्युनियरांच्या शेजारी असतो. अशा वर्षात अभ्यास वाढतो असं कागदावर वाटत असेल. मी तरी तो वाढलेला क्वचितच पाहिला.

मर्यादा काढून टाका अशी माझी मागणी नाही. मूत्रपिंड कसं काम करतं हे ज्याला चौथ्या खेपेलाही सांगता येत नाही त्याच्या हाती सलाइनची बाटली देऊ नये, या मताचा मी आहे. मर्यादा नव्हती तेव्हाचे दिवसही मी पाहिले आहेत. आठ-आठ, दहा-दहा वर्षं हॉस्टेलच्या त्याच खोलीत राहणारी माणसं तेव्हा असत. त्यात ना त्यांचं भलं झालं, ना कुणा रुग्णाचं. माझं म्हणणं एवढंच आहे की, चारांतल्या किती संधी विद्यार्थी आपल्या चुकीने गमावतो आणि किती आपली व्यवस्था खाते, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. आयोग दिल्लीत आहे. हा हिशेब मात्र राज्यातच ठेवता येईल.

उशिराच्या प्रवेशांचंच बघा. २०२४-२५ चे वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशाची मुदत वाढवली ती ३० डिसेंबरपर्यंत. आदेश योग्यच होता, डॉक्टरची एक जागा वाया जाणं या देशाला परवडत नाही. पण शेवटच्या फेरीत आलेल्या मुलाचं काय होतं? तो वर्गात येतो तोवर नर्व्ह-मसल आणि ब्लड शिकवून झालेलं असतं, डिसेक्शन हॉलमध्ये हाताचा भाग संपून छाती सुरू झालेली असते. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरीची अट त्यालाही आहे, परीक्षेची तारीख तीच आहे, आणि संधी मोजायला सुरुवातही त्याच दिवसापासून. स्ट्रे राउंडमधून, म्हणजे उरलेल्या जागांच्या या शेवटच्या फेरीतून, आलेली मुलं मठ्ठ नसतात. यादीत दोन-चार हजारांनी खाली असतात, इतकंच.

दुसरी गोष्ट प्रवेश परीक्षेची. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, सगळे पर्यायी. कितीही वेळा द्या, वयाची वरची अटही आता नाही. त्यामुळे दोन-दोन, तीन-तीन वर्षं रिपीट केलेली मुलं आमच्याकडे येतात. या मुलांनी त्या काळात एक सलग पान हाताने लिहिलेलं नसतं. गोळे मात्र अचूक भरता येतात. आणि पहिल्या वर्षी आपण त्यांना दीर्घोत्तरी पेपर देतो, तेही इंग्रजीत, वर व्हायवा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला रक्तदाबाचं नियंत्रण कळलेलं असतं. मराठीत विचारलं की घडाघडा सांगते. परीक्षकासमोर 'बॅरोरिसेप्टर' म्हणून थांबते, पुढचं वाक्य येत नाही. तिला गुण कशाचे कमी पडले? (मराठीतून एमबीबीएस करा असं मी म्हणत नाहीये. तो वाद वेगळा आहे, आणि त्यात भाषणं जास्त झाली आहेत.) हे अंतर भरून काढायला फाउंडेशन कोर्स होता. २०१९ मध्ये तो महिनाभराचा होता, पुढे दोन आठवड्यांवर आला. त्यातलेही पहिले दिवस स्वागत, अँटी-रॅगिंगची शपथ आणि बायोमेट्रिकच्या नोंदणीत जातात.

आणखी एक विसंगती आहे, ती बोलायला लोक कचरतात. नीटची पात्रता पर्सेंटाइलवर ठरते, म्हणजे इतरांच्या तुलनेत. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाची किमान पात्रता ७२० पैकी १४४ गुण होती. हे बरोबर २० टक्के. एवढ्या गुणांवर ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना खासगी महाविद्यालयात जागा मिळू शकते. आत आल्यावर मात्र तुलना संपते आणि निम्मे गुण मिळवावेच लागतात. दार सैल आणि पहिली पायरी उंच, अशी ही रचना आहे. संस्था फी घेऊन मोकळी होते, अडखळतो तो विद्यार्थी. स्टाफरूममध्ये अशा वेळी "आरक्षणाची मुलं" हे उत्तर फार पटकन येतं. मी शिकवलेल्या वर्गांत चौथ्या संधीपर्यंत पोचलेल्यांमध्ये व्यवस्थापन कोट्यातली मुलंही होती, त्यांच्याबद्दल कुणी आवाज काढत नसे.

आता शिकवणाऱ्यांविषयी. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एका दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, वाशिम, हिंगोली, बुलढाणा, भंडारा, जालना अशी नावं त्या यादीत पाहून मला मनापासून आनंद झाला. पण नव्या महाविद्यालयात पहिली बॅच येते ती थेट अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीच्या विभागांत, आणि याच विषयांना शिक्षक मिळत नाहीत. क्लिनिकल शाखेतल्यासारखी प्रॅक्टिस इथे नाही, त्यामुळे तरुण डॉक्टर इकडे वळत नाहीत. तात्पुरत्या बदल्यांनी पदं भरलेली दिसतात. ज्या वर्षी चार संधींचं घड्याळ चालू असतं, त्याच वर्षी शिक्षक सर्वांत कमी, असा हा योग आहे.

राष्ट्रीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणाचा अहवाल दिला. त्यात २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास असल्याचं सांगितलं होतं. याचं सगळं खापर परीक्षेवर फोडणं योग्य नाही. पण तीन संधी गेलेला मुलगा कुठल्या मनःस्थितीत चौथा पेपर लिहितो हे मी जवळून पाहिलं आहे. गावात 'डॉक्टर झाला' म्हणून फ्लेक्स लागून दोन वर्षं झालेली असतात.

महोदय, आपण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे प्र-कुलपती आहात. केंद्राचा विनियम आपल्या हातात नाही हे मान्य, तरी बरंच काही आहे. शेवटच्या फेऱ्यांत येणाऱ्यांसाठी प्रत्येक महाविद्यालयात सुटलेला भाग पुन्हा शिकवण्याचे तास सक्तीचे करता येतील. दुसऱ्यांदा नापास झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी विभागाने काय केलं याची लेखी नोंद विद्यापीठाला मागता येईल. ती आली नाही तर विभागप्रमुखाला विचारता येईल, सध्या फक्त विद्यार्थ्याला विचारतात. आयोगाकडे पाठपुरावा करता येईल की अमुक महिने शिकवणं झाल्याशिवाय संधी मोजू नका. हे अशक्य आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना आठवण द्यावी, की कोविडकाळात प्रवेश घेतलेल्या २०२०-२१ च्या तुकडीला आयोगानेच एक वाढीव, पाचवी संधी दिली होती.

आणि ज्यांच्या चारही संधी संपल्या, त्यांना बाहेर काढताना हातात काहीतरी द्या. याच विद्यापीठात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, नर्सिंग, पॅरामेडिकलचे अभ्यासक्रम चालतात. अॅनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्री उत्तीर्ण झालेल्या मुलाला त्या विषयांची सूट देऊन तिकडे सामावून घेण्यासाठी संबंधित परिषदांशी बोलणी सुरू करता येतील. आज तो दोन वर्षांनी घरी जातो तो बारावीच्याच गुणपत्रिकेवर.

या सगळ्याआधी एक साधी गोष्ट हवी आहे. २०१९ पासून आजवर राज्यातले किती विद्यार्थी चार संधी संपल्यामुळे बाहेर पडले, ते कोणत्या महाविद्यालयांतले होते, कोणत्या फेरीत आणि कोणत्या कोट्यातून आले होते, कोणत्या विषयात अडले आणि त्या वर्षी त्या विभागात किती पदं रिकामी होती, याची माहिती विद्यापीठ आणि संचालनालयाकडे असणारच. विद्यार्थ्यांची नावं वगळून ती विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात पटलावर ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्र