पॅनोरमा हेड मान टाकते : पैसे परत मिळण्याबाबत

साखळी, उत्तर गोवा
10 मे 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष पॅनोरमा हेड आणि तुमच्या 6 मेच्या उत्तराबाबत

महोदय,

तुमचे पॅनोरमा हेड वर कलवलेला कॅमेरा धरून ठेवत नाही. तपासणीला पाठवले, तर 6 मेच्या उत्तरात तुम्ही दोष हेडचा नाही असे कळवलेत. म्हणून हे पत्र. हे हेड, म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेरा बसवून ठरावीक अंशांनी फिरवायचे साधन (त्या फ्रेम जोडून एकच रुंद फोटो होतो), मला 9 एप्रिलला मिळाले. किंमत 11,400 रुपये. परत करण्याची मुदत सात दिवस, म्हणजे 16 एप्रिलपर्यंत. 12 तारखेला चैत्र पौर्णिमा होती. आकाशगंगेचा फोटो काढायला घेतलेली वस्तू ऐन चांदण्यात कशी तपासायची, ते तुम्हीच सांगा. घरात लावून पाहिली तेव्हा ठीक वाटली.

अमावास्येच्या आदल्या रात्री, 26 एप्रिलला, सत्तरी तालुक्यात मामांच्या काजूच्या बागायतीला लागून असलेल्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, गेलो. खाली भट्टी चालू होती, हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास वरपर्यंत येत होता. मध्यरात्रीनंतर पाऊणच्या सुमाराला आकाशगंगेची कमान पूर्वेला सह्याद्रीवर अगदी बुटकी असते. दोन-तीन तासांनी ती इतकी वर चढते, की फ्रेमच्या एका ओळीत मावत नाही. म्हणून वेळ तीच साधायची होती. 24 मिमीची लेन्स, कॅमेरा उभा, थोडा वर कललेला, दर 30 अंशांवर एक फ्रेम. दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत सात फ्रेम, प्रत्येकी 20 सेकंद. पुढ्यात एक रोयण, म्हणजे वारूळ, मुद्दाम घेतले होते. आमच्याकडे त्यात सातेरी देवी मानतात, त्यामुळे ट्रायपॉडसुद्धा जरा लांबच ठेवला.

पहिल्या दोन फ्रेममध्ये तारे टिपक्यांसारखे आहेत. तिसरीपासून रेघा. सांध्याचा पेच पुन्हा आवळला, बोटाला वळ उठेपर्यंत आवळला. पुढची फ्रेम बरी, त्याच्या पुढच्या पुन्हा तशाच. टॉर्च लावून पाहिले तर वरच्या पट्टीवरची खूण 20 अंशांवरून 17 वर आली होती. कॅमेरा हळूहळू मान टाकत होता.

तुमच्या तंत्रज्ञांनी लिहिले आहे की रेघा पृथ्वीच्या फिरण्यामुळे आल्या. पूर्वेकडच्या फ्रेमपुरते हे कोणालाही पटेल, कारण गोव्याच्या अक्षांशावर तिथले तारे जवळजवळ सरळ वर चढतात. पण सातवी फ्रेम उत्तरेची आहे. तीत क्षितिजापासून साधारण 15 अंशांवर ध्रुव आहे आणि त्याचीही उभी रेघ आली आहे. वीस सेकंदांत ध्रुव पिक्सेलभरही हलत नाही. शिवाय त्या फ्रेममधल्या सगळ्या ताऱ्यांच्या रेघा सारख्याच लांबीच्या आणि एकाच दिशेच्या आहेत. पृथ्वी फिरल्याने आल्या असत्या तर ध्रुवाभोवती गोल दिसल्या असत्या आणि ध्रुवापासून दूर जावे तशा लांब झाल्या असत्या. मूळ फाइल सोबत आहे, मोठी करून बघा.

खोक्यावर भारक्षमता 8 किलो छापली आहे. माझा कॅमेरा लेन्ससकट बाजारातल्या वाण्याच्या काट्यावर 1 किलो 380 ग्रॅम भरला. (वाण्याने विचारले, किलोला काय भाव?) तुमच्या तपासणी अहवालात कॅमेरा आडवा आणि सपाट ठेवून दहा मिनिटे पाहिल्याचे लिहिले आहे. तसा तो माझ्या घरीही हलला नव्हता. सगळे वजन एका बाजूला उभे करून वर कलवा, मग कळेल.

‘दमट हवेतला वापर सामान्य वापरात बसत नाही’ हे वाक्य मात्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवले. गोव्यात दमट नसलेली हवा कुठून आणायची? पार्सलवर पत्ता तुम्हीच चिकटवला होता.

सातही फ्रेम जोडून पाहिल्या. डोंगराची रेघ दोन ठिकाणी तुटते आणि रोयणीला दोन डोकी येतात. आता या महिनाअखेरीची अमावास्या तेवढी हातात आहे. 8 जूनला मिरग (मृग नक्षत्र) लागेल, मग पाऊस संपेपर्यंत आकाश बंद. कमान मध्यरात्री अशी बुटकी मिळायला पुढचा एप्रिल उजाडावा लागेल.

त्यामुळे त्याच मालातले दुसरे हेड नको. 11,400 रुपये आणि तपासणीसाठी पाठवताना भरलेले कुरियरचे 310 रुपये, हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत परत करावेत. तसे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्क पडत नाही, हे माहीत करून घेतले आहे.

हेड तुम्ही परत पाठवले ते खोक्यात तसेच आहे. न्यायला माणूस पाठवाल तर संध्याकाळी पाचनंतर पाठवा.

आपला,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, सात मूळ फाइल, काट्यावरच्या वजनाचा फोटो