चार वर्षांच्या पोरांना आधी कागद द्या, पेन्सिल नंतर

संपादक साहेब नमस्कार,

आमच्या विश्रामबागेत संध्याकाळी सातनंतर घराघरातून एकच आवाज, "लिही, अजून एक ओळ लिही". पोरं किती वर्षांची तर साडेतीन-चार. अख्खं पान अ आ इ, मग एबीसीडी, आणि पेन्सिल अशी मुठीत आवळलेली की बोटं पांढरी पडतात, वर परत आया म्हणणार अक्षर घाण आहे, लक्षच देत नाही.

अहो पण तो हात अजून तयार कुठं झालाय! मनगटात आठ बारकी हाडं असतात, जन्मताना ती सगळी नुसती कूर्चा, म्हणजे हाड होण्याआधीचा एक्सरेत न दिसणारा मऊ भाग, असते आणि चौथ्या वर्षापर्यंत त्यातली साधारण निम्मीच एक्सरेत दिसायला लागतात. आपण केजी केजी म्हणतो, ते किंडरगार्टन ज्या फ्रोबेलनं जर्मनीत १८४० च्या आसपास सुरू केलं त्याच्याकडं पोरं कागदाच्या घड्या घालायची. आपण नाव घेतलं आणि घड्या सोडून दिल्या.

घडी घालताना एका हातानं कागद दाबून धरायचा, दुसऱ्यानं टोकाला टोक आणायचं, मग अंगठ्याच्या नखानं घडी पक्की करायची, म्हणजे दोन हात दोन वेगळी कामं करतात आणि डोळा दोघांवर लक्ष ठेवतो, लिहितानाही तेच लागतं की, शर्टाची बटणं लावतानाही तेच. तीनच्या पोराला नुसतं फाडू द्या, चुरगाळू द्या. चारचं मधोमध घडी घालतं, तिरकी जमायला बहुतेकांना पाचवं उजाडतं. होडीची घाई नको, त्यातली टोपी उघडून चौकोन करायची पायरी मोठ्यांनाही अडते. आणि कृपा करून पोराची घडी आपण सरळ करून द्यायची नाही, वाकडी तर वाकडी, हे आजी-आजोबांना पण लागू.

पेपर मऊ असतो, पटकन दुमडतो, पण शाई हाताला लागते आणि तीच बोटं तोंडात जातात, म्हणून बारक्यांना वहीचे कोरे कागद बरे.

तुम्हाला एक विनंती. रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर एखादा चौकोन छापा, घडीच्या जागी तुटक रेघा आणि जुळणाऱ्या टोकांना सारखा रंग, म्हणजे वाचता न येणाऱ्या पोरालाही लाल टोक लालला न्यायचं कळेल. मागच्या बाजूला जाहिरात आली तरी चालेल.

- एक आजी, विश्रामबाग, सांगली