बायोप्रिंटर नंतर घेऊ, आधी रक्तवाहिन्यांचे पाहा

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,

महोदय,

मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती झाली. औषधाच्या प्राथमिक तपासणीत प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइड (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, अवयवासारख्या चिमुकल्या पेशीगोळ्या), ऑर्गन-ऑन-चिप (अवयवाचे काम वठवणाऱ्या, पेशी असलेल्या चिप) आणि बायोप्रिंट केलेल्या ऊती वापरण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. निर्णय चांगलाच आहे. पण या कामासाठी अनुदान म्हटले की आधी बायोप्रिंटर, म्हणजे जिवंत पेशींपासून ऊती छापणारे यंत्रच डोळ्यांसमोर येते, आणि खरी अडचण तिथे नाही.

मूलपेशींपासून वाढवलेल्या बहुतेक ऑर्गनॉइडना रक्तपुरवठा नसतो. ऑक्सिजन बाहेरच्या पोषक द्रवातून झिरपतो आणि दाट ऊतीत जेमतेम १०० ते २०० मायक्रॉन आत पोचतो. मेंदूचा ऑर्गनॉइड मसुराएवढा झाला की बाहेरून टवटवीत दिसतो. मधोमध कापला तर गाभा मेलेला निघतो. असा ऑर्गनॉइड विषारीपणाच्या चाचणीला लावला, तर पेशी औषधाने मेल्या की उपासमारीने, हे कोण सांगणार?

हार्वर्डच्या विस इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये दाखवलेली पद्धत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. हजारो ऑर्गनॉइड कोलॅजनसह एकत्र दाबून घट्ट लगदा केला जातो. घनता मिलिलिटरला सुमारे २० कोटी पेशी. लगदा ० ते ४ अंशांवर थंड ठेवून त्यात नोझल फिरवत जिलेटिनची रेघ ओढतात. मग तापमान ३७ अंशांवर नेले की भोवतालचे कोलॅजन घट्ट होते, जिलेटिन वितळून वाहून जाते आणि मागे पोकळ नळी उरते. तिच्यातून ऑक्सिजनयुक्त द्रव फिरवला तर ऊती जगते. नळी नसलेल्या ऊतीचा गाभा १२ तासांत मरू लागला होता.

पण प्रिंटरची हद्द इथेच संपते. नोझल साधारण २०० मायक्रॉनचे, केशवाहिनी (सर्वांत बारीक रक्तवाहिनी) ५ ते १० मायक्रॉनची. नोझल बारीक करावे तर दाब झपाट्याने वाढवावा लागतो आणि घर्षणाने पेशी फाटतात. म्हणून मोठी नळी प्रिंटरने काढायची आणि बारीक जाळे पेशींकडून विणून घ्यायचे. त्यासाठी एंडोथेलियल पेशी (रक्तवाहिनीचे आतले अस्तर बनवणाऱ्या) आणि त्यांना आधार देणाऱ्या मेसेनकायमल पेशी लागतात. जपानमध्ये २०१३ साली यकृताच्या पेशींबरोबर या दोन्ही मिसळून यकृताची कळी तयार केली गेली. उंदरात रोपण केल्यावर तिच्या वाहिन्या ४८ तासांत उंदराच्या रक्ताभिसरणाला जोडल्या गेल्या.

बिघडते ते इथेच. नाळेतून काढलेल्या एंडोथेलियल पेशी पाच-सहा वेळा वाढवल्या की त्यांची जाळे विणण्याची ताकद ओसरते. त्यांना मानवणारे माध्यम ऑर्गनॉइडला मानवतेच असे नाही. जिलमा हे प्रकाशाने घट्ट होणारे जिलेटिनचे जेल. त्यावर ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश जास्त वेळ पडला तर ते इतके कडक होते की वाहिन्यांचे अंकुर आत शिरत नाहीत. कमी पडला तर नळी खचते. पंपाच्या नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी आतले अस्तर खरवडून निघते. आणि मॅट्रिजेल, म्हणजे ऑर्गनॉइड ज्यात वाढवतात ते जेल, मुळात उंदराच्या गाठीपासून बनते, त्यामुळे दर खेपेला त्याचा गुण बदलतो. उणे २० अंशांवर ठेवायचे हे द्रव्य वाटेत खोळंबून तापले तर आख्खी खेप टाकून द्यावी लागते.

म्हणून आमच्या मागण्या यंत्रापेक्षा साध्या आहेत. तपासलेल्या, कमी वेळा वाढवलेल्या एंडोथेलियल पेशींची एक सामायिक पेढी हवी. नाळ देणाऱ्या मातेची संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी तिथेच एकदा नीट घेतली जावी. प्राणिजन्य नसलेल्या जेलवर देशात काम व्हावे आणि प्रत्येक खेपेचा कडकपणा मोजून लेबलवर छापला जावा. प्रिंटर मंजूर करताना त्याच आदेशात परफ्युजन पंप (ऊतीतून द्रव फिरवणारे), बुडबुडे अडवणारे सापळे, किमान तीन वर्षांची रसायने आणि कायम तंत्रज्ञाचे वेतन धरावे. हे नसेल तर यंत्र धूळ खात पडते.

आणखी एक गोष्ट, बिनखर्चाची. प्रकल्प अहवालात प्रत्येक गटाकडून चार आकडे सक्तीने मागावेत: ऑर्गनॉइडच्या व्यासातील फरक, मृत गाभ्याचे प्रमाण, प्रवाह अखंड किती दिवस चालला, आणि वेगवेगळ्या खेपांत तेच निकाल किती वेळा आले. फसलेल्या खेपाही त्यात मोजाव्यात.

पुढच्या अनुदानाची जाहिरात निघण्यापूर्वी जैवतंत्रज्ञान विभागाने या मुद्द्यांवर प्रयोगशाळांची बैठक बोलवावी, ही विनंती.

आपले,
ऊती अभियांत्रिकीत काम करणारे संशोधक व तंत्रज्ञ