शेवळंवाल्या मावशींना

मावशी,

जूनच्या पहिल्या सरीत ठाणे स्टेशनाबाहेर तुम्ही डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बसला होतात. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल की नाही, ठाऊक नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्हा कायस्थांच्या घरी पावसाळा सुरू होतो तो सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घातलेल्या शेवळाच्या भाजीनं. शेवळं म्हणजे पहिल्या पावसात उगवणारी एक रानभाजी. ती भाजी सासूबाईंच्या हातची. मी इतकी वर्षं खात आले, शिकून घेतली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. कसं करायचं ते त्यांना सगळं ठाऊक आहे, पण सांगता येत नाही.

गेल्या वर्षी मी एका भाजीवाल्याकडून जुडी आणली. शेवळाची खाज मोडायला घालतात ती काकडं, म्हणजे आंबट रानफळं, मागितली तर म्हणाला, "काही लागत नाहीत." रेसिपीचे तीन व्हिडिओ पाहिले. तिन्हींत ‘शेवळं साफ करून घ्या’ एवढंच. काय काढायचं, ते कुणी दाखवलं नाही. नात्यातल्या एका बाईंना फोन केला, तर "तुम्हा आजकालच्या मुलींना ते जमायचं नाही" म्हणून त्यांनी विषय संपवला. पहिल्याच घासाला सासूबाईंचा घसा खवखवायला लागला. ओरडता येईना, बोलता येईना. गळ्यावर हात ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्षभर ती नजर माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

म्हणून यंदा तुम्हाला विचारताना जीभ अडखळत होती. तुम्ही हसला नाहीत. जुडीतलं चांगलं जाडजूड शेवळं ओढून काढलंत आणि अंगठ्याच्या नखानं उभं फाडलंत. वर जांभळट आवरण, आत दांडा, दांड्याच्या बुडाशी पिवळे दाणे. "हा पिवला टाकून दे, बाय. खाज हितंच." मग माझ्या ओंजळीत मूठभर काकडं घातलीत. बिया काढायच्या, वाटायची, पाणी गाळून भाजीत घालायचं.

आणि ते फाडलेलं शेवळं तुम्ही बाजूला ठेवलंत. माझ्या जुडीत दुसरं घातलंत. मी म्हटलं, "तेच द्या ना." तर म्हणालात, "तुला दाखवाया फाडलं. तुझ्या पैशात कसं मोजू?" काकडांचेही पैसे घेतले नाहीत. इतक्या पावसात, सकाळपासून जेमतेम चार जुड्या विकल्या गेलेल्या असताना!

शेवळं हे सुरणाच्या जातीतल्या रानकंदाचं फूल. पान फुटायच्या आधी तेच जमिनीतून वर येतं. अळू-सुरणासारखीच त्यात कॅल्शियम ऑक्झलेटची सुईसारखी स्फटिकं असतात, हे मी नंतर वाचलं. फुलांच्या भाज्यांत बहुतेक वेळा काहीतरी काढून टाकायचं असतंच. केळफुलाच्या प्रत्येक फुलातली न शिजणारी काडी, हादग्याच्या फुलातला कडू दांडा. विकणाऱ्यानं ते सांगितलं नाही म्हणून त्याचं काही अडत नाही, त्याचे पैसे आलेले असतात. तुम्ही मात्र आधी सांगितलंत, मग पैसे घेतलेत. अशी माणसं आहेत म्हणून परक्या शहरातही बाजारात जायला धीर होतो.

त्या दिवशी भाजी केली. आधी मी खाऊन पाहिली आणि अर्धा तास थांबले. मग सासूबाईंना भरवली. त्यांनी डोळे मिटून हळूहळू घास गिळला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. हात गळ्याकडे गेला नाही. त्यांनी चांगल्या हातानं वाटी पुढे सरकवली. मला रडू आलं, मावशी.

आठवड्यानं डबा घेऊन आले, तर तुमची जागा रिकामी होती. शेवळांचा हंगाम तो केवढासा! हादग्याला फुलं आली की तुम्ही पुन्हा तिथं बसता का, हे शेजारच्या लिंबूवाल्याला विचारून ठेवलंय. तो "बघतो" म्हणाला. मी दर शनिवारी चक्कर मारते आहे.

तुमची,
शेवळं कशी साफ करायची ते विचारणारी